हौसेची मोटार आणि तिचा खर्च

काशीस जाणारा मराठी यात्रेकरू अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या विश्वेश्वर मंदिराचे दर्शन घेतो, पंचगंगा घाटापासून दशाश्वमेधापर्यंत नावेतून फेरी मारतो, घरच्यांसाठी एखादे बनारसी वस्त्र घेतो आणि गंगाजलाचा गडू घेऊन परततो. मलदहिया भागातील लोहामंडीत पाऊल टाकण्याचे त्याला काही कारण पडत नाही. लोखंडी नळ्या, पत्रे, कोनपट्ट्या आणि सळया येथे वजनावर विकल्या जातात. ज्याला आपल्या हाताने मोटार बांधण्याची हौस आहे, त्याच्या दृष्टीने मात्र या शहराचे खरे तीर्थ हेच होय. प्रस्तुत प्रकरणात अशा हौशी माणसाचा विचार करावयाचा आहे. आणि तोही त्याच्या यंत्रज्ञानाचा नव्हे, तर त्याच्या खिशाचा.

'हौसेला मोल नाही' असे आपण सहज म्हणून जातो. लग्नकार्यात किंवा सणावारी ते खरेही असेल. मोटार बांधणाऱ्याच्या हौसेला मात्र मोल असते, आणि ते त्याला एकदाच नव्हे, तर वर्षानुवर्षे द्यावे लागते. तयार मोटार विकत घेणाऱ्याला किंमत आधी कळते. बांधणाऱ्याला ती अखेरपर्यंत कळत नाही. सांगाड्यासाठी नळ्या आणल्या की त्या कापण्यासाठी पाती लागतात. नळ्या जोडावयाच्या तर वेल्डिंगची कांडी, वायू आणि वीज हवी. जुने इंजिन स्वस्तात मिळाले तर त्याचे सिलिंडर पुन्हा घासून घ्यावे लागतात. ब्रेक, टायर आणि सुकाणू या तीन बाबतींत काटकसर करणे म्हणजे प्राणाशी खेळ. शिवाय जागेचे भाडे आहेच. हा खर्च सारखा येत नाही. कित्येक महिने तो थेंबाथेंबाने गळत राहतो आणि मग एका दिवशी गिअरबॉक्सच्या रूपाने अंगावर कोसळतो. नियमित पगारातून पहिला प्रकार कसाबसा निभावतो. दुसऱ्यासाठी जास्तीची मिळकत लागते. या मिळकतीला 'वरकमाई' म्हणण्याचा मोह होतो, परंतु त्या शब्दाला आपल्याकडे कचेरीतल्या टेबलाखालचा वास आहे. म्हणून येथे 'जोडउत्पन्न' हा शब्द वापरला आहे.

जोडउत्पन्नाची खरी अडचण पैशाची नसून वेळेची असते. दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाजवळ संध्याकाळचे दोन तास आणि आठवड्याची सुटी एवढेच भांडवल उरते. ते सारे तास कमाईत घातले तर पैसा साठतो, पण मोटार पुढे सरकत नाही. सारे मोटारीला दिले तर लवकरच मोटारीला लावावयाला काही उरत नाही. म्हणून प्रत्येक कामाबद्दल हौशी माणसाने आधी एक प्रश्न विचारावा: या कामातून माझ्या मोटारीला पैशाखेरीज आणखी काय मिळते? एखादे हत्यार, एखादे कसब, एखादा उपयोगी सुटा भाग किंवा एखाद्या लेथवाल्याची ओळख मिळत असेल तर ते काम कमी मोबदल्यातही परवडते. नुसताच पैसा मिळत असेल तर तो भरपूर मिळावयास हवा.

या दृष्टीने इंग्लंडमधील कॉलिन चॅपमन यांची हकिगत फार बोलकी आहे. पुढे शर्यतीच्या मोटारींच्या इतिहासात गाजलेल्या लोटस कंपनीचे हे संस्थापक. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना ते एका सहाध्यायाबरोबर जुन्या मोटारी विकत घेऊन, दुरुस्त करून विकत असत. त्या काळी नव्या मोटारी मिळणे दुरापास्त होते, त्यामुळे जुन्यांना चांगला भाव येई. विद्यार्थ्याच्या मानाने मिळकत उत्तम होती. परंतु १९४७ च्या शरद ऋतूत ब्रिटिश सरकारने खाजगी वाहनांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला आणि जुन्या मोटारींचा बाजार एकाएकी कोसळला. चॅपमन यांना हातातला माल मिळेल त्या किमतीला काढावा लागला आणि आधीचा बहुतेक नफा त्यातच गेला. शेवटी एक गाडी उरली. १९३० च्या बनावटीची ऑस्टिन सेव्हन. ती कोणी घेईना. तेव्हा त्यांनी तिचे वरचे अंग उतरवले आणि त्या जागी प्लायवूड व ॲल्युमिनियम यांचे नवे, हलके व ताठ अंग बसवले. विमानबांधणीची तत्त्वे त्यांनी त्यात वापरली होती. होणाऱ्या पत्नीच्या, हेझल विल्यम्स यांच्या घरामागील गॅरेजमध्ये हे काम झाले. १९४८ मध्ये ती गाडी स्पर्धांत उतरली. लोटसची पहिली गाडी म्हणून आज तिची नोंद होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्या धंद्याने हौसेला पैसा पुरवला, त्याच धंद्याने तिला कच्चा मालही पुरवला. धंदा बुडाला तेव्हाही कसब आणि एक गाडी शिल्लक राहिली. दुसरी गोष्ट अशी की, जुन्या गाड्यांचा व्यापार हा माल अडकवून ठेवणारा व्यापार आहे. सरकारचा एक आदेश, पेट्रोलचा भाव किंवा गाड्यांच्या आयुर्मर्यादेचा एखादा नियम एका रात्रीत त्या मालाचे भंगार करू शकतो. पगारदार माणसाने एकावेळी एकाहून अधिक गाड्या दारात उभ्या करू नयेत, असे माझे मत आहे.

चॅपमन यांनी पुढेही बरीच वर्षे नोकरी सोडली नाही. १९५२ च्या आरंभी त्यांनी हेझल यांच्याकडून घेतलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर लोटस इंजिनिअरिंग सुरू केली, तेव्हा दिवसा ते एका ॲल्युमिनियम कंपनीत अभियंता होते आणि गाड्यांचे काम संध्याकाळी चाले. १९५५ पर्यंत हा क्रम टिकला. आणखी एक युक्ती त्यांना साधली. इंग्लंडमध्ये पूर्ण तयार मोटारीवर खरेदीकर असे, सुट्या भागांच्या संचावर तो नसे. म्हणून लोटस सहा क्रमांकाची गाडी संचाच्या रूपाने विकली गेली, आणि ती जोडण्याचे श्रम ग्राहकानेच आनंदाने केले. एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसांच्या हौसेवर आपली हौस चालवली, असे म्हणावयास हरकत नाही.

हेन्री फोर्ड यांनी आणखी सोपा मार्ग धरला होता. डेट्रॉइटमधील एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत मुख्य अभियंता असताना त्यांनी घरामागील शेडमध्ये आपले पहिले चारचाकी वाहन बांधले. १८९६ च्या जूनमध्ये ते तयार झाले, तेव्हा शेडचे दार अरुंद असल्याने विटांची भिंत फोडून ते बाहेर काढावे लागले, हा किस्सा प्रसिद्धच आहे. किश्शाहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. फोर्ड यांनी ते वाहन त्याच वर्षी २०० डॉलरना विकून टाकले आणि ते पैसे दुसऱ्या गाडीला लावले. पहिल्या गाडीवर जीव जडणे स्वाभाविक असते. तो आवरता आला तर पहिली गाडीच दुसरीचे भांडवल होते. त्यांनी नोकरी सोडली ती १८९९ मध्ये.

आता बनारसकडे वळू. या शहरात कुशल हातांना तोटा नाही. १९१९ मध्ये हिंदू विश्वविद्यालयात अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि यंत्र व विद्युत या शाखांचे पदवी-शिक्षण देशात प्रथम देणाऱ्या संस्थांत ते गणले गेले. २०१२ मध्ये ते भारतीय प्रौद्योगिकी संस्थान झाले. शहराच्या नैर्ऋत्येस रेल्वेचा डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. तेथून पहिले इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडले. कालांतराने कारखाना विजेच्या इंजिनांकडे वळला आणि २०२० मध्ये त्याचे नावही बदलून बनारस रेल्वे इंजिन कारखाना असे झाले. फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्याच या कारखान्याने घडवल्या. त्यांतील एखाद्याला मोटार बांधावी असे वाटले तर नवल नाही.

परंतु रेल्वेच्या नोकरीत असलेल्या माणसाने येथे सर्वप्रथम आपले सेवानियम वाचावेत. १९६६ च्या रेल्वे सेवा आचरण नियमांचा पंधरावा नियम, आणि केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६४ च्या नियमांतला त्याच क्रमांकाचा नियम, पूर्वमंजुरीवाचून खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करण्यास मनाई करतो. मोबदला न घेता केलेले सामाजिक काम आणि अधूनमधून केलेले साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय स्वरूपाचे काम यांना सवलत आहे. तीदेखील कर्तव्यात बाधा येत नसेल तरच. म्हणजे एखाद्या मासिकात इंजिनावर लेख लिहून मानधन घेणे आणि रोज संध्याकाळी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये मजुरी घेणे या दोन गोष्टी नियमाच्या दृष्टीने भिन्न आहेत. 'घरच्यांच्या नावावर दुकान' ही पळवाट पुष्कळांना ठाऊक असते, आणि चौकशी लागली म्हणजे तीच प्रथम उघडी पडते. हौसेपायी निवृत्तिवेतन धोक्यात घालणारा माणूस शूर नव्हे. लेखी परवानगी मागावी. नाकारली गेली तर जोडउत्पन्नाचा नाद सोडून खर्चाची गती कमी करावी. दहा वर्षांत बांधलेली मोटारही मोटारच असते. (लेखन व भाषांतर यांच्या मिळकतीवर कोणी मोटार बांधल्याचे मात्र प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.)

ज्यांच्यावर असे बंधन नाही, त्यांच्यासाठी बनारसमध्ये काम शोधावे लागत नाही. सर्वांत मोठे क्षेत्र मागांचे. मदनपुरा, बजरडीहा, अलईपुरा या विणकरांच्या वस्त्यांत हातमागाच्या जोडीने यंत्रमागही चालतात. यंत्रमाग म्हणजे झिजणारे यंत्र. बुश सैल होतात, दात तुटतात, दांडे वाकतात, विजेच्या मोटारीची गुंडाळी जळते. यांतले प्रत्येक काम मोटार बांधणाऱ्याच्या कामाची बाराखडी आहे. बुश योग्य मापाने बसवता येऊ लागला की चाकाच्या आसाचा बुशही बसवता येतो. ओतीव लोखंडाचा तुटलेला दात जोडता आला की इंजिनाच्या तडकलेल्या आवरणाची भीती उरत नाही. शिवाय माग बंद म्हणजे मजुरी बंद. त्यामुळे रात्री आठ वाजता दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे स्वागत होते. अडचण उधारीची. विणकराचेच पैसे गिरस्त्याकडे अडकलेले असतात, तो तुमचे कोठून देणार? म्हणून सुट्या भागांची किंमत आधी घ्यावी आणि मजुरी मागाहून आली तरी चालवून घ्यावे.

दुसरे क्षेत्र गंगेचे. घाटांवरच्या यांत्रिक नावा आरंभी डिझेलवर चालत; २०२१ च्या सुमारास त्यांतील अनेकांना सीएनजीची इंजिने बसवण्याची मोहीम सुरू झाली. वायूच्या जोडणीचे काम अधिकृत माणसाखेरीज कोणी करू नये, परंतु पाण्याखालचा पंखा, त्याचा दांडा, तेथील गळती, इंजिन बसवण्याची बैठक ही कामे साध्या कारागिराची आहेत. या कामाला ऋतू आहे. पावसाळ्यात पाणी चढले की नावा बांधून ठेवाव्या लागतात. पूर ओसरल्यावर, कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीपूर्वी, प्रत्येक नाव धडधाकट हवी असते. त्या काही आठवड्यांची मिळकत गिअरबॉक्ससारख्या एकरकमी खर्चासाठी राखून ठेवता येते. तिसरे क्षेत्र ई-रिक्षांचे. २०१५ च्या मोटार वाहन दुरुस्ती अधिनियमाने त्यांना कायद्यात स्थान दिले आणि काशीच्या रस्त्यांवर त्या फार वाढल्या. शिशाच्या बॅटऱ्यांची निगा, जोडण्यांची तपासणी, मागच्या आसाची दुरुस्ती यांना तेथे सदैव मागणी असते. ज्याला पुढे विजेवर चालणारी गाडी बांधावयाची आहे, त्याला याहून स्वस्त शाळा मिळणार नाही. लोखंडी दारे आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याचे काम सर्वत्र मिळते. वेल्डिंगचा हात बसण्यापुरते ते करावे.

शिकवण्या हा बनारसचा जुनाच व्यवसाय. आयटीआय आणि पदविका अभ्यासक्रमाच्या मुलांना यांत्रिक रेखाटन शिकवण्यास ना हत्यार लागते, ना जागेचे वेगळे भाडे. हातही काळे होत नाहीत आणि स्वतःच्या गाडीची रेखाटने सुधारतात. मला हे काम सर्वांत समंजस वाटते.

माग आणि मोटार यांचे नाते सांगताना इचलकरंजीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून यंत्रमागाने वाढलेल्या या गावी शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. शंकररावांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. १९४९ मध्ये त्यांनी पहिला नमुना तयार केला आणि पुढे १९७५ पर्यंत एकामागून एक सुधारित नमुने बांधले. पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराचा उपयोग, भागांची संख्या कमी ठेवण्याचा कटाक्ष आणि सुमारे १२,००० रुपयांत सामान्य कुटुंबाला मोटार देण्याचे उद्दिष्ट ही 'मीरा'ची वैशिष्ट्ये होत. ती कारखान्यात कधीच तयार झाली नाही. १९५१ च्या औद्योगिक अधिनियमानुसार मोटारनिर्मितीला परवाना लागे, आणि तो मिळवणे ही गोष्ट इंजिन बनवण्याहून अवघड होती. मराठी माणूस 'मीरा'ची कथा हळहळत सांगतो, आणि हळहळण्याजोगी ती आहेच. परंतु आपल्या विषयाच्या संदर्भात तिच्यातून एक सीमारेषा दिसते. एक गाडी बांधणे ही हौस. तिच्यासारख्या शंभर बांधून विकणे हा उद्योग. पहिल्याचा खर्च जोडउत्पन्नातून निघू शकतो. दुसऱ्याला भांडवल, परवाने आणि माणसे लागतात, आणि संध्याकाळच्या मजुरीतून ती उभी राहत नाहीत.

ही सीमारेषा पुष्कळांना दिसत नाही. गाडी अर्धी झाली की कोणी परिचित म्हणतो, अशीच मला बनवून दे, हे घे आगाऊ पैसे. हा मोह टाळावा. कारण असे की, घरी बांधलेली मोटार भारतात रस्त्यावर आणता येईलच अशी खात्री नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना पुण्यातील एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ही तपासणी कारखानदाराच्या आवाक्यातली असते, हौशी माणसाच्या नव्हे. 'जुगाड' म्हणून ओळखली जाणारी वाहनेही मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. कारखान्यातून निघालेल्या गाडीत मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत, हे २०१९ च्या निकालात आले. तेव्हा आगाऊ घेतलेल्या पैशांच्या मोबदल्यात आपण ग्राहकाला अशी वस्तू देणार, की जिला नोंदणी क्रमांक नाही, विमा नाही आणि अपघात झाल्यास भरपाईचा सारा भार मालकावर. मैत्रीही जाते आणि पैसेही परत द्यावे लागतात.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने जुन्या भागांतून, सुमारे ६०,००० रुपये खर्चून, दुचाकीप्रमाणे लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण त्याच वेळी अशी गाडी कायद्याच्या निकषांत बसणार नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत हा बदल झाला. अशी अदलाबदल सर्वांच्या नशिबी नसते, आणि तिच्यावर हिशेब मांडता येत नाही.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर वहीबद्दल चार शब्द. मोटारीची वही घरखर्चाच्या वहीपासून वेगळी असावी. डाव्या पानावर जोडउत्पन्न, उजव्या पानावर खर्च; उजवे पान डाव्याच्या पुढे गेले की त्या महिन्यात लोहामंडीची वाट धरू नये. कर्ज, भिशीची उचल आणि घरातले सोने या तीन गोष्टींना या वहीत स्थान नाही. चॅपमन यांनी हेझल यांच्याकडून २५ पौंड घेतले होते हे खरे, पण ते त्यांनी स्वखुशीने दिले होते, आणि तोवर चार वर्षांच्या गाड्या त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या. घरच्या माणसांना वही पाहू द्यावी. लपवलेला खर्च केव्हातरी कळतोच, आणि मग भांडण पैशाचे राहत नाही.

जुनी गाडी भंगारात घेऊन तिचे हवे ते भाग ठेवावेत आणि उरलेले विकावेत, ही कमाईची रीत जुनी आहे आणि चांगलीही. मात्र गाडी मोडण्यापूर्वी तिची नोंदणी रद्द झाली पाहिजे. वाहन नष्ट झाल्यास मालकाने चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. २०२१ पासून भंगारात काढलेल्या वाहनांसाठी नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्थाही आली आहे. कोणताही सुटा भाग पावतीवाचून घेऊ नये. विशेषतः इंजिन. त्यावरचा क्रमांक चोरीच्या गाडीचा निघाला, तर भल्या माणसालाही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावे लागते.

मग रस्त्यावर न येणारी ही मोटार चालवावयाची कोठे? खाजगी आवारात, शेतात किंवा स्पर्धांत. २००७ पासून भरणाऱ्या 'बाहा' स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या खडबडीत मैदानावर पळवतात. तेथे गाडीच्या वेगाबरोबर तिच्या खर्चाच्या अहवालालाही गुण असतात. बनारसच्या विद्यार्थ्यांनीही या वाटेने गाड्या बांधल्या आहेत. शिक्षण संपलेल्या हौशी माणसाला हे दार बंद असते. त्याने गाडी पुरी झाल्यावर तिचे काय करावयाचे हे आधीच ठरवलेले बरे. पुष्कळदा इंजिन आणि गिअरबॉक्स काढून विकणे आणि सांगाडा ठेवणे हाच मार्ग राहतो. फोर्ड यांनी २०० डॉलरना विकलेली पहिली गाडी काही वर्षांनी परत विकत घेतली, आणि ती आज त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. चॅपमन यांनी आपली ऑस्टिनपासून केलेली पहिली गाडी १९५० मध्ये मासिकात जाहिरात देऊन विकली. ती पुढे कोठे गेली, हे आजवर कळलेले नाही.